पाटकऱ्याच्या घरचा ढाळ

घोटा

पाणी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, पण पाटकऱ्याचं ऐकतं, असं गावात म्हणत. पाटकरी म्हणजे तिचे सासरे. कालव्याचं पाणी शेताशेतांत वाटण्यात त्यांचा जन्म गेला. पाटाच्या अंगाला आडवं उभं राहायचं, एक डोळा मिटायचा आणि खोऱ्याचं टोक दाखवून सांगायचं, इथं बोटभर खरवड, तिथं ओंजळभर भर. मग पाणी सोडलं की ते शहाण्या बैलासारखं मुकाट शेवटच्या वाफ्यापर्यंत चालत जायचं.

आज ते तसेच आडवे उभे होते, पण शेतात नाही, स्वतःच्या घराच्या बाजूच्या बोळात. पाठ घराच्या भिंतीला, तोंड शेजारच्या टेलरच्या भिंतीकडे. डाव्या हाताला मागची न्हाणी आणि संडास, उजव्या हाताला गल्ली. न्हाणीपासून गल्लीतल्या नव्या चेंबरपर्यंत मैलापाण्याचा पाईप न्यायचा होता. आजवर सगळं उघड्या गटारात जात होतं. आता गटार बुजवून गल्लीवर काँक्रीट पडणार होतं. ज्याचा पाईप त्याआधी जोडला गेला नाही, त्याचं पाणी त्याच्याच उंबऱ्याशी तुंबणार. काँक्रीट कालवणारं यंत्र गल्लीच्या तोंडाशी येऊन घरघरत उभंही राहिलं होतं.

नवरा चरात होता. घोटे बुडतील एवढं खणून झालं होतं.

"कसं दिसतंय, बाबा?"

"चढ आहे. गल्लीकडं वर जातंय. खाली घे."

नवऱ्यानं टिकाव उचलला. वरचा थर मुरमाचा होता, ठिणग्या उडाल्यासारखे खडे उडत होते. ती घमेलं भरायला वाकली आणि वाकल्या वाकल्या तिनं सासऱ्यांकडे पाहिलं.

ते उजवीकडे कलले होते. फार नाही. खुंटीवरचा सदरा वाऱ्यानं जरा सरकावा, तेवढेच.

वारा नव्हता.

गुडघा

रस्त्याच्या कामाचा मुकादम आला तो गळ्यात नळी घालूनच. पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी, आत पाणी भरलेलं. दोन टोकं दोन जागी धरली की दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत उभं राहतं, त्यावरून चढउतार कळतो.

"हे काय पाटकरी, न्हाणीकडून सुरुवात केलीत? अहो, चेंबरपासून मागं यायचं असतं. चेंबरचं तोंड ठरलेलं आहे, मांडीएवढ्या खोलीवर. तिथून फुटाला दोन सूत चढवत न्हाणीपर्यंत जायचं. संपलं काम."

दोन सूत म्हणजे पेन्सिलीच्या जाडीएवढं. मुकादमानं ते दोन बोटांच्या चिमटीत धरून दाखवलंही.

"पाणी कुठून निघतं?" सासऱ्यांनी विचारलं.

"न्हाणीतून."

"मग सुरुवात कुठून करायची? तू बाजाराला निघालास की बाजारातून घराकडं उलटा चालत येतोस का रे?"

मुकादम हसला. नवरा चरातून हसला. तिलाही हसू आलं, कारण हे सासरे ओळखीचे होते. हे असं बोलणारे सासरे असले म्हणजे सगळं ठीक होतं.

"बरं, न्हाणीकडून तर न्हाणीकडून," मुकादम म्हणाला. "पण ढाळ जास्त देऊ नका. पाणी पुढं पळतं आणि माल मागं राहतो. मग बसा काठी घालत."

"ढाळ जास्त झाला म्हणून पाणी कधी अडलेलं मी पाहिलं नाही."

"ते पाटाचं पाणी, एकटंच हिंडणारं. ह्याच्याबरोबर सोबती असतात, पाटकरी. त्यांना हळू चालवावं लागतं." स्वतःच्याच विनोदावर तो पुन्हा हसला आणि त्यानं गळ्यातली नळी काढली. "ही ठेवून जातो. मला आज लागत नाही."

"पाणी मोजायला पाणी?" सासऱ्यांचा आवाज बदलला. "ने ती. माझ्या बोळात नळी लागली तर उद्या गाव म्हणेल, पाटकऱ्याचा डोळा गेला."

भिंतीपलीकडे टेलरचं शिलाई मशीन तेवढं घर्र घर्र करत होतं.

मुकादमानं नळी तरीही दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. जाताना चरात वाकून नवऱ्याला म्हणाला, "उद्या सकाळी आमचं काम तुमच्या दाराशी येतंय. मी थांबवू म्हटलं तरी मला थांबवता येणार नाही. यंत्रात माल पडला की पडला."

ऊन बोळात उतरलं होतं. सासऱ्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तिनं पाणी द्यायला तांब्या पुढे केला आणि हात तसाच राहिला. घाम डाव्या कपाळावर होता. डाव्या गालावर, डाव्या कानामागे. उजवा अर्धा चेहरा कोरडा होता. अगदी नाकाच्या शेंड्यापासून रेघ मारल्यासारखा कोरडा. त्या बाजूची पापणीही जरा खाली आली होती.

"काय बघतेस?"

"काही नाही, मामंजी."

तिनं चराकडे पाहिलं. नवरा तिच्याकडेच बघत होता, घमेल्यासाठी. तिनं तोंड उघडलं, "अहो, जरा ऐका. मामंजींना—"

कंबर

"घमेलं!"

तिनं घमेलं दिलं.

मुरूम संपला होता. आता काळी चिकण माती लागली होती, ओली, टिकावाला चिकटणारी. चराची बाजू कापलेल्या साबणासारखी चकचकत होती आणि टेलरच्या भिंतीचा पाया उघडा पडायला लागला होता. पाया कसला, मातीत बसवलेले गोटे. एकावर एक, घाईनं आवरलेल्या भांड्यांसारखे. टेलरचं मशीन चाललं की त्या गोट्यांमधून माती गळायची. मुंग्यांची रांग चालावी तशी, बारीक. मशीन थांबलं की थांबायची.

ती मशीनवर कान ठेवून माती वाहत होती.

जेवण बोळातच झालं. सासरे घास चावत राहायचे, गिळायचे नाहीत. गिळले की ठसका. चहाचा कप त्यांनी उजव्या हातात धरला तो तिरका. चहा काठावर आला, बोटांवर आला, मग धोतरावर. ते कपाकडेच बघत होते. त्यांना कप सरळ दिसत होता.

"बाबा, चहा!" नवरा म्हणाला.

"कपच वाकडा आहे," सासरे म्हणाले. "असले स्वस्तातले कप आणता."

नवरा हसून पुन्हा चरात उतरला. तो हसू शकत होता. त्याला माहीत नव्हतं.

तिला माहीत होतं. मागच्या बाजाराच्या दिवशी नवरा घरी नव्हता. सासरे सकाळी खाटेवरून उठले आणि कुणीतरी ढकलल्यासारखे उजवीकडे कोसळले. ओकले. मग दुपारपर्यंत उचकी. ती डॉक्टरला बोलवायला निघाली तर त्यांनी पदर धरला. "पित्त आहे गं. तुझ्यात नि माझ्यात राहू दे. त्याला कळलं तर मला खाटेला बांधून ठेवील." तिनं फरशी पुसली. या घरात तिची बाजू घेणारं माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे सासरेच. तिनं शब्द दिला.

मग एकेक बारीकसारीक सुरू झालं. खाट डुगडुगते म्हणून त्यांनी डाव्या पायांखाली लाकडाच्या चिपा घातल्या. तिनं झाडताना चिपा काढल्या, त्यांनी पुन्हा घातल्या. भिंतीवरचा आरसा रोज तिरका व्हायचा. ती सरळ करायची, तो पुन्हा तिरका. तिला वाटायचं उंदीर असेल. मग एका सकाळी चुलीवरून उतरवलेल्या कढत पाण्यात त्यांनी डावा हात मनगटापर्यंत घातला आणि शांतपणे म्हणाले, "गारच आहे की अजून." हात बाहेर आला तो लालभडक.

पण खाट, आरसा, कप, हे सगळं घराच्या आत होतं. कुणाचं काही अडत नव्हतं. आज त्याच डोळ्यावर भरवसा ठेवून नवरा

खाली

आणखी खाली

चालला होता.

"बाबा, मुकादम म्हणाला चेंबरचं तोंड मांडीएवढं आहे. आपण कंबरेला आलो."

"चेंबरवाले चुकले असतील. तोंड फोडून खाली घेतील. तुला चढ दिसत नाही का?"

नवऱ्यानं चराच्या तळाकडे पाहिलं. चरात उभ्या माणसाला तळाचा ढाळ कळत नाही, त्याला नुसती माती दिसते. "तुम्ही म्हणता म्हणजे असेल," तो म्हणाला. लहानपणी त्यानं एकदा बापाच्या नजरेवर शंका घेतली होती आणि पाणी बरोबर बापानं सांगितलेल्या वाफ्यात गेलं होतं. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही.

छाती

आधी मशीन थांबलं. मग टेलर आला, गळ्यात टेप, कानावर खडू.

"माझ्या भिंतीला आतून चीर गेलीय."

"आधीचीच असेल," नवरा चरातून म्हणाला. आता तो चरात उभा राहिला की फक्त छातीच्या वरचा दिसायचा. तो माणूस न वाटता जमिनीवर ठेवलेला पुतळा वाटायचा.

"आधीची चीर मला पाठ आहे. माझ्या भिंतीच्या चिरा मी मापं घेतल्यासारख्या ओळखतो. ही नवी आहे. बाहेरूनही दिसतेय, ही बघ." टेलरनं बोट ठेवलं. गोट्यांच्या वर, प्लास्टरमधून, केस पडावा तशी एक रेघ तिरकी वर गेली होती. "किती खणताय? घराचा पाईप टाकताय का विहीर पाडताय?"

"पाटकरी सांगतात तेवढं."

"पाटकरी काका, अहो तुमच्याकडं बघून मी गप्प होतो. दुसरं कुणी असतं तर केव्हाच कचेरीत गेलो असतो. आत मशीन आहे माझं. शाळेचे कपडे आहेत शिवायला टाकलेले. बायको त्याच भिंतीला टेकून काजं करत बसते."

"भिंतीला काही होत नाही," सासरे म्हणाले. "मी कालव्याच्या भरावाखालून पाट काढलेत. तू तुझी मापं बघ."

टेलर आत जाऊन लाल दोऱ्याचं रीळ आणि डिंकाची बाटली घेऊन आला. वीतभर दोरा तोडून त्यानं तो चिरेवर आडवा ताणला आणि दोन्ही टोकं डिंकानं भिंतीला चिकटवली. दाबून धरली. वाळेपर्यंत फुंकर घातली. दोरा अगदी सरळ बसला.

"हा तुटला की समजायचं भिंत चालायला लागली," तो तिला म्हणाला. तिलाच का, कोण जाणे. "लक्ष ठेव, वहिनी. मी बायकोला बाहेर काढतो. मशीन बंद ठेवतो आज."

मशीन बंद राहिलं. तिला वाटलं होतं बरं वाटेल. उलट झालं. आता शांततेत माती गळल्याचा आवाज ऐकू येत होता. मशीन नसतानाही.

तिनं घमेलं खाली ठेवलं. चराच्या काठाशी बसली, नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं.

"वर या ना जरा."

"कशाला?"

"मामंजींचं काहीतरी बिनसलंय. त्यांना वाकडं दिसतंय. सगळंच. कप नव्हता वाकडा."

नवऱ्यानं तिच्याकडे वळून पाहिलं. घामानं, चिखलानं भरलेला चेहरा. त्यावरचा राग थकलेला होता. "आज? आज तुला हे सुचतंय? उद्या सकाळी गल्ली बंद होतेय आणि तू मला सांगतेस, माझ्या बापाला दिसत नाही? हळू बोल. त्यांनी ऐकलं तर अन्न सोडतील."

"नळी लावून बघू. एकदाच."

"त्यांच्या देखत नळी लावायची? त्यापेक्षा माझ्या तोंडात मार." त्यानं टिकाव घेतला. "माती उचल."

ती उठली. सासरे भिंतीला पाठ लावून उभे होते, एक डोळा मिटून. त्यांनी ऐकलं होतं का, ते चेहऱ्याच्या ओल्या अर्ध्यावर दिसत नव्हतं. कोरड्या अर्ध्यावर तर काहीच दिसत नव्हतं.

गळा

ऊन कललं. बोळात सावली आली, माती आणखी काळी झाली. नवऱ्याचं फक्त डोकं दिसत होतं, मधूनमधून टिकावाचं पातं. चर एवढा अरुंद की त्याला वळायचं तर आधी एक खांदा, मग दुसरा. घमेलं तो डोक्यावरून वर देत होता आणि ती काठावर पालथी पडून घेत होती. तिच्या छातीखालची जमीन मऊ लागत होती. दाबली की दबत होती.

ती घमेलं रिकामं करायला जायची, आणि जाताना दोरा बघायची. येताना दोरा बघायची. आधी दोरा नुसता होता. मग तो ताणला. मग तो इतका ताणला की बोटानं छेडला असता तर वाजला असता. तिनं छेडला नाही.

नवरा खोकला. टिकावाचा घाव. माती गळणं. घाव.

"बाबा, आता?"

"चढ आहे अजून. बोटभर. गल्लीकडं बोटभर खाली घे."

ती घमेलं घेऊन वळली. दोरा तुटलेला होता.

आवाज झाला नव्हता. दोन लाल टोकं नुसती लोंबत होती आणि मधली चीर करंगळी जाईल एवढी झाली होती. ती ओरडली. काय ओरडली ते तिला नंतर आठवेना, पण त्यात "वर या" होतं.

खालून डोकं वर झालं. तिच्याकडे नाही. बापाकडे. "बाबा?"

आणि सासरे डोळा मिटलेलाच ठेवून म्हणाले, "बायका घाबरतात. बोटभरच राहिलंय."

डोकं खाली गेलं.

तिला कळलं की या बोळात तिचं ऐकणारं कुणी नाही. नवरा बापाचं ऐकणार आणि बाप डोळ्याचं. डोळा काय ऐकणार? सासऱ्यांनी आयुष्यात ज्याचं ऐकलं होतं ते एकच होतं.

ती न्हाणीकडे धावली. पिंप भरलेलं होतं. तिनं मोठी बादली बुडवली, दोन्ही हातांनी उचलली, चराच्या वरच्या तोंडाशी आणून ओतली. दुसरी भरली. ओतली.

पाणी थांबलं नाही, रेंगाळलं नाही, वाट शोधत बसलं नाही. ते सुटलं. चिकण मातीच्या गुळगुळीत तळावरून फेस घेऊन, खडे घेऊन, गल्लीकडे धावत गेलं आणि नवऱ्याच्या मांड्यांवर आपटलं.

"अगं डोकं फिरलं का तुझं!"

तो वर आला. दोन्ही कोपरं काठावर रोवून, शिव्या देत, पाय झाडत, एक गुडघा वर, दुसरा वर, तिला मारायलाच आल्यासारखा. त्याच्या पायातला एक बूट चिखलात राहिला. तो उभा राहिला, हात वर केला.

मागे आवाज झाला. मोठा नाही. धान्याचं पोतं खांद्यावरून उतरवून ठेवावं तेवढा.

त्याचा हात वरच राहिला. त्यानं मान वळवून पाहिलं. चर मध्यभागी नव्हताच. टेलरच्या भिंतीखालची माती गोट्यांसकट आत बसली होती आणि त्या ढिगातून टिकावाचा दांडा वीतभर बाहेर आला होता, जिथं जरा वेळापूर्वी त्याचं डोकं होतं तिथं. भिंत उभी होती. तिच्याखाली पोकळी होती आणि एक गोटा अजून, सावकाश, लोंबत्या मातीतून सुटत होता.

तो पडला.

नवऱ्यानं वर केलेला हात स्वतःच्या तोंडावर ठेवला. ती खाली बसली.

"सूनबाई."

सासरे ढिगाकडे बघत नव्हते. चराच्या वरच्या भागात अजून पाण्याची एक ओघळ चालली होती, बारीक, बादलीतलं उरलेलं. त्या पाण्याकडे ते बघत होते. दोन्ही डोळे उघडे.

"पाणी वर गेलं," ते म्हणाले.

"काय, बाबा?" नवऱ्याचे दात वाजत होते.

"न्हाणीकडनं गल्लीकडं. चढावर. मी पाहिलं. धावत चढलं." त्यांचा आवाज लहान मुलाचा झाला होता, अंधारात काहीतरी पाहिलेल्या मुलाचा. "आत्ताही चढतंय. ते बघ. ते चढतंय गं."

ती उठून त्यांच्याजवळ गेली.

"तू सांग. त्याला विचारू नको, तो माझ्या तोंडाकडं बघून बोलतो. तू सांग. कुठं चाललंय पाणी?"

तिला वाटलं, अजूनही खोटं बोलता येईल. बाजाराच्या दिवसापासून तिनं तेच केलं होतं.

"खाली, मामंजी. उतार आहे. सकाळीच होता. केव्हाचा होता."

त्यांनी मान हलवली. मग घराच्या भिंतीकडे पाहिलं, दाराच्या चौकटीकडे, न्हाणीच्या छपराकडे, वर आभाळाकडे. एकेक वस्तू तपासत गेले, शेतमालकानं पुरानंतर बांध बघत जावं तसे. भिंतीला पाठ घासत घासत ते खाली बसले. जमिनीवर, पाय पसरून, दोन्ही तळवे मातीवर टेकून.

"मला धर," ते म्हणाले. "पडतोय मी."

ते हललेही नव्हते.

जमीन

मुकादम धावत आला. त्यानं ढीग पाहिला, भिंत पाहिली, नवऱ्याचा एक बूट नसलेला पाय पाहिला आणि प्रथमच विनोद केला नाही. टेलरनं घरातून विटा आणल्या, त्या पोकळीत ठोकून भिंतीला आधार दिला. त्याची बायको रस्त्यावर, बाहेर काढलेल्या शिलाई मशीनशेजारी उभी होती, हातात कापडांचा गठ्ठा, आणि सगळ्यांना सांगत होती की आपल्याला सकाळीच कळलं होतं.

"मागच्या बाजारापासून," बोळात ती आपल्या नवऱ्याला म्हणाली. "मामंजी पडले होते. ओकले होते. मला म्हणाले सांगू नको."

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात जे होतं ते तो आज बोलणार नव्हता. पण एक दिवस बोलणार होता, हे तिला कळलं.

खडी आणणारी गाडी मुकादमानं दिली. "तालुक्याच्या दवाखान्यात न्या. उशीर झालाय, आणखी करू नका." काँक्रीट मात्र त्यालाही थांबवता येत नव्हतं. नवरा एकदा गाडीकडे जायचा, एकदा चराकडे. एका पायात बूट, एक पाय अनवाणी.

सासऱ्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं होतं. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. तसेच, न बघता, म्हणाले, "तू थांब. माती भरून चर वर घे. मांडीएवढा."

"बाबा, पाईपाचं मरू दे."

"मरू कसं दे? घाण दारात तुंबल्यावर तुझी बायको काय डोक्यावरून वाहील?" ठसका लागला. तो जाईपर्यंत ते थांबले. "चेंबरकडून मागं ये. तो म्हणतो तसं. फुटाला दोन सूत."

"हो."

"आणि नळी घे. खिळ्याला आहे."

नवरा गाडीच्या दाराला धरून उभा राहिला. मग वळला आणि लंगडत, घाईनं, बोळात गेला. गाडी सुरू झाली तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं. मुकादम आणि तो नळीची दोन टोकं धरून बोळाच्या दोन टोकांना उभे होते, एकमेकांकडे नाही, आपापल्या हातातल्या पाण्याकडे बघत.

गाव मागं पडलं. ती सासऱ्यांच्या उजव्या बाजूला बसली होती. त्यांचा सगळा भार तिच्या खांद्यावर आला होता, भिंतीचा यावा तसा. त्यांचा डावा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला होता. कढत पाण्यानं भाजलेल्या जागी कातडी सुटली होती आणि ती त्यांना दुखत नव्हती.

"डोळे मिटले की बरं वाटतं," ते म्हणाले. "मिटले की सगळं जागच्या जागी असतं."

"मग मिटूनच ठेवा."

ड्रायव्हरनं गियर बदलला. इंजिनाचा आवाज जड झाला, पुन्हा हलका झाला. सासऱ्यांची बोटं तिच्या मनगटावर आवळली.

"चढ लागला का?"

"नाही."

"मग उतार?"

"सपाट आहे, मामंजी."

त्यांची उजवी पापणी नुसतीच लोंबत होती, डावी थरथरत होती. त्यांना उघडून बघायचं होतं. त्यांनी बघितलं नाही.

"तू म्हणतेस तर सपाट," ते म्हणाले, आणि मान तिच्या खांद्यावर टाकली.

तिनं काचेतून बाहेर पाहिलं. रस्ता सपाट होता. दोन्ही बाजूंची शेतं सपाट होती, त्यांच्या टोकाला आभाळाची कड सरळ होती. तिनं नीट पाहून घेतलं. मग पुन्हा पाहिलं. दवाखाना येईपर्यंत ती पुन्हा पुन्हा पाहत राहिली.